गुडघा बदलल्यावर जखम चिघळली तर? गोळीआधी सर्जनला फोन करा

छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आलं. त्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी, १० ऑक्टोबरला, तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला होता. डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा उजवा गुडघाही बदलला. गुडघा बदलता येतो आणि माणूस पुन्हा चालू लागतो, ही गोष्ट त्या काळात वर्तमानपत्रांमधून घराघरात पोहोचली.

आज ही शस्त्रक्रिया कुणाला नवी राहिलेली नाही. आत्याची झाली, शेजारच्या काकांची झाली, आता आईची करायची आहे, अशी बोलणी मराठी घरांमध्ये सर्रास होतात. बहुतेकांचा अनुभव चांगलाच असतो. दुखणं कमी होतं, जिना चढता येतो, बाजारात जाता येतं. पण मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींनुसार शंभर जणांमध्ये साधारण एक ते दोन जणांच्या नव्या सांध्यात जंतुसंसर्ग होतो. आकडा छोटा आहे, पण ज्या घरात हे घडतं तिथे पुढचे कित्येक महिने उलटेपालटे होतात.

यावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. मात्र कोणता उपचार शक्य होईल, हे बरंचसं पहिल्या काही दिवसांत घरचे लोक काय करतात यावर ठरतं.

ऑपरेशन नागपूरला, घर रायपूरला

समजा, रायपूरच्या भनपुरीत एक मराठी कुटुंब राहतं. मुलगा उरला किंवा सिलतराच्या कारखान्यात कामाला आहे. आजीचा गुडघा नागपूरला बदलला, कारण मामा तिथे आहेत, ओळखीचे डॉक्टर आहेत आणि ऑपरेशननंतर चार दिवस राहायला घर आहे. टाके निघाल्यावर आजी रेल्वेने तीनशे किलोमीटरचा प्रवास करून घरी परतली.

तिसऱ्या आठवड्यात जखमेच्या खालच्या टोकाला ओलसर डाग दिसतो. आजी म्हणते, "अगं सूनबाई, जरासं पाणीच तर आहे, इतकं काय!" मुलाला सुट्टी नाही. नागपूरला जायचं म्हणजे दोन दिवस मोडणार. मग कुणीतरी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणतं. दोन दिवसांत डाग सुकतो आणि सगळे निश्चिंत होतात. दोन महिन्यांनी गुडघा पुन्हा सुजतो आणि या वेळी गोळ्यांनी काहीच फरक पडत नाही.

ही कल्पित गोष्ट आहे, पण हाडांच्या डॉक्टरांना असे रुग्ण नेहमी भेटतात. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. आजीला कुणाला त्रास द्यायचा नसतो, मुलाला रजा मिळत नसते आणि गोळीने बरं वाटल्यासारखं होतं. नेमकी हीच गोळी पुढे सगळ्यात महाग पडते. असं का होतं, ते समजून घेऊ या.

काय साहजिक, काय धोक्याचं?

ऑपरेशननंतरची प्रत्येक सूज म्हणजे संसर्ग नव्हे. उगाच घाबरून जाऊ नये म्हणून आधी साहजिक गोष्टी पाहू.

* नवा गुडघा काही महिने हाताला थोडा गरम लागू शकतो.
* व्यायाम केल्यावर किंवा खूप वेळ पाय खाली सोडून बसल्यावर सूज येते आणि पाय वर ठेवला की उतरते.
* जखमेच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटते.
* चालताना आतून 'टक' असा आवाज येतो.
* सुरुवातीचे काही दिवस संध्याकाळी थोडी कणकण वाटते.

आता ज्या गोष्टींवर लगेच फोन करायला हवा, त्या या.

* जखमेतून पाणी, रक्त किंवा पू येणं थांबत नाही, किंवा एकदा सुकलेली जखम पुन्हा ओली होते.
* लाली रोज थोडी थोडी पसरते.
* दुखणं कमी होत होतं, ते पुन्हा वाढू लागतं. विशेषतः आराम करताना किंवा रात्री झोपेत दुखतं.
* ताप येतो, थंडी वाजते.
* आधी वाकत असलेला गुडघा वाकेनासा होतो.
* जखमेच्या जागी छोटं छिद्र पडून त्यातून सतत पू वाहतो. हे संसर्गाचं जवळजवळ खात्रीचं लक्षण मानलं जातं.

संसर्ग फक्त पहिल्या महिन्यातच होतो, हाही गैरसमज आहे. काही रुग्णांचा गुडघा दोन-चार वर्षं उत्तम चालतो आणि मग एके दिवशी अचानक सुजून लाल होतो. पायाच्या भेगेतून, किडलेल्या दातातून, लघवीच्या संसर्गातून किंवा मधुमेहाच्या जखमेतून जंतू रक्तात येतात आणि कृत्रिम सांध्यावर जाऊन बसतात. तिसरा प्रकार आणखी फसवा असतो. त्यात ताप नाही, पू नाही, फक्त गुडघा पहिल्यापासून कधी नीट बराच वाटत नाही. महिनोन्‌महिने ठणका राहतो आणि हळूहळू सांधा सैल होतो.

दोन परिस्थितींमध्ये मात्र फोनची वाटही पाहू नका. खूप ताप, हुडहुडी, बरळणं किंवा ग्लानी असेल, तर रुग्णाला थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. संसर्ग रक्तात पसरल्याची ती चिन्हं असू शकतात. तसंच पोटरी अचानक सुजून दुखू लागली किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी झालेली असू शकते. तेव्हाही लगेच रुग्णालय गाठा.

जंतू धातूला का चिकटतात?

आपल्या शरीरात कुठेही जंतू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात. पण कृत्रिम सांधा धातूचा आणि प्लॅस्टिकचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे अगदी थोडे जंतूही त्याच्या पृष्ठभागावर तळ ठोकू शकतात.

तिथे बसल्यावर ते स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. पावसाळ्यात पाण्याच्या टाकीच्या आतल्या बाजूला जो बुळबुळीत थर जमतो, तसंच काहीसं. टाकीतलं पाणी बदललं तरी तो थर निघत नाही, घासावाच लागतो. सांध्यावरच्या थराचंही तसंच आहे. रक्तातून येणारं औषध मोकळ्या जंतूंना मारतं, पण थराखालच्या जंतूंपर्यंत पुरेसं पोहोचत नाही. शिवाय आतले जंतू सुस्तावलेले असतात आणि बरीच अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूंवरच चांगलं काम करतात.

सुरुवातीला हा थर कोवळा असतो, तेव्हा तो धुऊन काढता येतो. काही आठवड्यांत तो पक्का होतो. म्हणूनच डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, "त्रास नक्की कोणत्या तारखेपासून सुरू झाला?"

पहिली गोळी महागात का पडते?

मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची गोळी तीन प्रकारे नुकसान करते.

पहिलं म्हणजे, ती वरवरचे जंतू मारते आणि लक्षणं झाकते. जखम सुकल्यासारखी दिसते, पण आत थर पक्का होत राहतो. सांधा वाचवायचे मोलाचे दिवस निघून जातात.

दुसरं, तपासणी फसते. गुडघ्यातलं पाणी सुईने काढून त्यात कोणता जंतू आहे ते पाहतात, याला कल्चर म्हणतात. आधी गोळ्या घेतल्या असतील तर जंतू अर्धमेले होतात आणि प्रयोगशाळेत वाढत नाहीत. अहवालात 'जंतू आढळला नाही' असं येतं, पण संसर्ग मात्र असतो. मग डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. अशा वेळी रुग्णाची तब्येत स्थिर असेल तर अनेक सर्जन अँटिबायोटिक थांबवून साधारण दोन आठवड्यांनी पाणी काढतात. म्हणजे आणखी वेळ गेला.

तिसरं, अर्धवट डोस घेतल्याने चिवट जंतू उरतात आणि तेच औषध पुढे चालेनासं होतं. आपल्या देशात अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये, असा तिचा अर्थ आहे. घरातल्या लहान मुलांनाही ती रेघ ओळखायला शिकवता येईल.

हाच नियम लेप, हळद, तेल यांनाही लागू आहे. घरची हळद दुधात चांगली. ऑपरेशनच्या टाक्यांवर तिचं काही काम नाही.

गुडघ्यातलं पाणी काय सांगतं?

संशय आल्यावर साधारण या क्रमाने तपासण्या होतात. आधी रक्तात सीआरपी आणि ईएसआर पाहतात. शरीरात कुठे जळजळ असेल तर हे आकडे वाढतात. ऑपरेशननंतर ते तसेही काही आठवडे वाढलेले असतात, त्यामुळे एका अहवालापेक्षा आकडा खाली येतोय की वर जातोय, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. जुने अहवाल फाईलमध्ये जपून ठेवण्याचं हेच कारण. एक्स-रेमध्ये सांधा सैल झालाय का ते दिसतं.

पण खरी माहिती देते ती गुडघ्यातल्या पाण्याची तपासणी. निर्जंतुक जागेत, सुईने पाणी काढून त्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात आणि कल्चरला पाठवतात. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून कल्चर काही वेळा १४ दिवसांपर्यंत ठेवावं लागतं. तिसऱ्या दिवशी अहवाल आला नाही म्हणून चिडू नका.

बहुतेक वेळा दोषी असतात ते आपल्या त्वचेवर आणि नाकात एरवी शांतपणे राहणारे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू. आपल्या देशात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते, ती क्षयरोगाची. ती वारंवार दिसणारी गोष्ट नाही. पण महिनोन्‌महिने गुडघा बरा होत नसेल आणि साध्या कल्चरमध्ये काहीच सापडत नसेल, तर "टीबीची तपासणी केली आहे का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. त्याची चाचणी आणि औषधं वेगळी असतात.

उपचाराचे चार रस्ते

सांध्यात संसर्ग आहे हे नक्की झालं की नुसत्या गोळ्यांवर भागत नाही. जवळजवळ नेहमीच शस्त्रक्रिया आणि औषधं दोन्ही लागतात.

१. सांधा ठेवून धुणं. त्रास सुरू होऊन तीनेक आठवड्यांच्या आत रुग्ण पोहोचला, सांधा हाडात घट्ट बसलेला असला आणि त्वचा चांगली असली, तर हा रस्ता खुला असतो. गुडघा पुन्हा उघडतात, खराब झालेला भाग कापून काढतात, भरपूर सलाईनने धुतात आणि धातूच्या दोन भागांमधली प्लॅस्टिकची चकती बदलतात. मूळ सांधा तसाच राहतो. प्रत्येकाला यश येतंच असं नाही, पण जितकं लवकर कराल तितकी शक्यता जास्त.

२. दोन टप्प्यांत सांधा बदलणं. थर पक्का झाला असेल तर सांधा काढावाच लागतो. पहिल्या ऑपरेशनमध्ये सांधा आणि सगळं सिमेंट काढून त्या जागी अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. त्याला स्पेसर म्हणतात. तो जागा धरून ठेवतो आणि आतूनच औषध सोडत राहतो. काही आठवडे अँटिबायोटिक चालतं. संसर्ग गेल्याची खात्री पटली की दुसऱ्या ऑपरेशनमध्ये नवा सांधा बसतो. दोन्हींमध्ये बहुतेकदा दोन ते तीन महिने जातात. अमेरिकेतले डॉ. जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली. मध्ये ६ आठवडे शिरेतून अँटिबायोटिक देण्याची त्यांची रीत पुढे जगभर रुळली.

३. एकाच टप्प्यात बदलणं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गचे डॉ. हान्स विल्हेल्म बुकहोल्ट्झ यांनी सिमेंटमध्येच अँटिबायोटिक मिसळण्याची कल्पना पुढे आणली आणि तिथे एकाच ऑपरेशनमध्ये जुना सांधा काढून नवा बसवण्याची पद्धत विकसित झाली. रुग्णाचं एक ऑपरेशन वाचतं. मात्र जंतू कोणता आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं, हे आधीच माहीत असावं लागतं. इथेही पुन्हा कल्चरच कामी येतं. आणि कल्चर बिघडवते ती तीच, आधी घेतलेली गोळी.

४. मर्यादित ध्येयाचे उपचार. काही रुग्ण इतके अशक्त असतात की मोठं ऑपरेशन झेपणार नाही. त्यांना दीर्घकाळ, कधी कधी आयुष्यभर कमी मात्रेचं अँटिबायोटिक देऊन संसर्ग दाबून ठेवतात. वारंवार संसर्ग होत राहिला तर गुडघा सरळ स्थितीत कायमचा जोडून टाकण्याचा पर्याय असतो. पाय वाकत नाही, पण दुखणं थांबतं आणि चालता येतं. पाय कापण्याची वेळ फार क्वचित येते.

औषधं किती दिवस?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, आणि त्यावर गेल्या काही वर्षांत चांगलं संशोधन झालं आहे.

ब्रिटनमध्ये २६ केंद्रांवर हाडं आणि सांध्यांच्या संसर्गाच्या १,०५४ रुग्णांवर एक अभ्यास झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले ६ आठवडे शिरेतून औषध घेणारे आणि गोळ्या घेणारे, असे दोन गट होते. योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधापेक्षा कमी ठरल्या नाहीत. म्हणजे डॉक्टरांनी काही दिवसांनी सलाईन बंद करून गोळ्या दिल्या, तर उपचारात कसर केली असं समजू नका. मात्र या गोळ्या तज्ज्ञांनी निवडलेल्या होत्या, मेडिकलच्या काउंटरवरून उचललेल्या नव्हेत.

दुसरा अभ्यास फ्रान्समधला, २०२१ सालचा. कृत्रिम सांध्याच्या संसर्गात ऑपरेशननंतर ६ आठवडे अँटिबायोटिक पुरे का १२ आठवडे, असा प्रश्न होता. दोन वर्षांत संसर्ग टिकून राहिल्याचं प्रमाण ६ आठवड्यांच्या गटात शंभरात साधारण १८, तर १२ आठवड्यांच्या गटात साधारण ९ होतं. तेव्हा "आता बरं वाटतंय, कशाला एवढ्या गोळ्या" म्हणून मध्येच बंद करू नका.

स्टॅफिलोकोकसच्या संसर्गात सांधा वाचवायचा असेल तर रिफॅम्पिसिन हे औषध बऱ्याचदा जोडीला देतात, कारण ते थरातल्या जंतूंवरही काम करतं. टीबीच्या उपचारातलं हेच ते औषध. ते एकटं कधीच द्यायचं नसतं, नाहीतर जंतू त्याला झपाट्याने दाद देईनासे होतात. त्याने लघवी केशरी-लाल होते, तेव्हा रक्त पडतंय असं वाटून घाबरू नका. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या अनेक औषधांवर त्याचा परिणाम होतो. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. या काळात यकृत आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या वेळच्या वेळी करून घ्या.

फोन करताना हाताशी काय हवं?

ऑपरेशन दुसऱ्या शहरात झालं असेल तर नुसतं "गुडघा दुखतोय" म्हणून सर्जनला काही कळत नाही. ही तयारी आधीच करून ठेवा.

* डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद. त्यात सांध्याची कंपनी, माप आणि क्रमांक असलेले स्टिकर असतात. पुढे सांधा काढायची वेळ आली तर नव्या सर्जनला त्याचीच गरज लागते.
* जखमेचा रोज एक फोटो, शक्यतो त्याच जागी, त्याच उजेडात. हे काम घरातल्या शाळकरी नातवंडांवर सोपवा, ते कधीच विसरत नाहीत.
* रोजचा ताप, साखर आणि दुखणं यांची वहीत नोंद.
* त्रास सुरू झाल्याची तारीख आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव.

सर्जन लांब असतील तर त्यांना स्पष्ट विचारा, "आम्ही येईपर्यंत रायपूरमध्ये कुणाला दाखवू?" टाटीबंधचं एम्स किंवा शहरातलं डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांत हाडांचे विभाग आहेत. खासगी रुग्णालयात जाणार असाल तर तिथे संसर्ग झालेला सांधा बदलण्याचा अनुभव असलेले सर्जन आणि कल्चरची चांगली सोय आहे का, हे विचारा. पहिल्यांदा गुडघा बदलणं आणि संसर्ग झालेला बदलणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

खर्चाचा हिशेब

राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरली. त्याआधी त्याची छापील किंमत सरासरी दीड लाखाच्या पुढे होती. पण संसर्गाच्या उपचारात सांध्याखेरीज दोन ऑपरेशनं, स्पेसर, आठवडे चालणारी औषधं, तपासण्या आणि प्रवास असा सगळा खर्च येतो.

म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या आधीच तीन प्रश्न विचारून ठेवा. पॅकेजमध्ये संसर्गाचा उपचार येतो का? विमा कंपनी दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च देईल का? सरकारी योजनेतून हे उपचार कोणत्या रुग्णालयात मिळतील?

आयुष्मान भारत योजनेत ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण मिळतं. आजी-आजोबांचं कार्ड अजून काढलं नसेल तर आधी ते काढा. कारखान्यात नोकरी करणाऱ्या आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगारांना ईएसआयचा लाभ असतो. त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्यातून वैद्यकीय सेवा मिळते. त्याचे नियम कामावरच्या कार्यालयात विचारून घ्या.

संसर्ग होऊच नये म्हणून

* ऑपरेशनआधी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, तपासा. ती जास्त असेल तर ऑपरेशन थोडं पुढे ढकलण्यातच शहाणपण आहे.
* तंबाखू, बिडी आणि छत्तीसगडात अनेक घरांत दात घासायला वापरला जाणारा गुडाखू, हे सगळं आधी काही आठवडे बंद करा. गुडाखूमध्येही तंबाखूच असतो आणि निकोटिनने जखम भरायला उशीर होतो.
* दात, लघवी आणि पायांची त्वचा तपासून घ्या. किडलेला दात किंवा चिघळलेली भेग आधी बरी करा.
* गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर सर्जनला सांगा. त्यानंतर साधारण तीन महिने ऑपरेशन टाळतात.
* घरात कुणाला सिकलसेल असेल, संधिवाताची औषधं चालू असतील, तर तेही लपवू नका.
* ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घरी पायावर वस्तरा फिरवू नका. त्याने त्वचेला बारीक जखमा होतात. केस काढायचेच असतील तर रुग्णालयात मशिनने काढतात.
* नंतर पायांना रोज तेल किंवा मलम लावून भेगा टाळा. घराबाहेर अनवाणी चालू नका, विशेषतः मधुमेह असेल तर.
* दात काढायचा असेल तर दंतवैद्याला नव्या गुडघ्याबद्दल सांगा. अँटिबायोटिक प्रत्येकाला लागतंच असं नाही, ते डॉक्टरच ठरवतील.

स्पेसरचे दिवस

दोन ऑपरेशनांमधले ते दोन-तीन महिने सगळ्यात कठीण असतात. पायावर पूर्ण भार देता येत नाही, वॉकर लागतो, कमोड लागतो, रात्री उठायला कुणाचा तरी हात लागतो. ज्या माणसाने उमेदीने ऑपरेशन करून घेतलं, तो पुन्हा खाटेवर येतो. "हे केलंच नसतं तर बरं झालं असतं" असं तो दिवसातून दहा वेळा म्हणतो.

त्या वेळी त्याला "तुम्ही काळजी घेतली नाही" असं ऐकवू नका. सगळी काळजी घेऊनही संसर्ग होऊ शकतो. कामं वाटून घ्या. एकाने औषधांच्या वेळा पाहाव्यात, एकाने फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम करून घ्यावेत, एकाने फक्त गप्पा माराव्यात. सगळा भार एकट्या सुनेवर किंवा मुलीवर टाकू नका. जेवणात डाळ, दूध, अंडी, मासे असं प्रथिनांचं प्रमाण वाढवा, कारण जखम त्यावरच भरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारून करा. खूप उदास वाटत असेल, झोप उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

संसर्ग आटोक्यात आल्यावर बहुतेक रुग्ण पुन्हा आपल्या पायांनी चालतात. काहींना काठी लागते, काहींचा गुडघा पहिल्याइतका वाकत नाही, पण घरातल्या घरात आणि घराबाहेर ते फिरू शकतात.

तुमच्या घरात कुणाचा गुडघा बदलला असेल तर आज एक छोटं काम करा. सर्जनचा आणि रुग्णालयाचा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा आणि एक चिठ्ठी औषधांच्या डब्यावर चिकटवा. त्यावर एवढंच लिहा: जखम ओली दिसली तर गोळी नाही, आधी फोन.